विचेंझाची लोकबँक: मालक १ लाख १८ हजार, किंमत १ युरो

प्रश्न असा आला आहे: "मी एका नागरी सहकारी बँकेचा संचालक आहे. इटलीतल्या विचेंझाची बँकही आपल्यासारखीच होती, एक सभासद एक मत, दीडशे वर्षांची परंपरा, आणि तरी शेवटी १ युरोला गेली असं वाचलं. ती बँक नेमकी कोणाच्या मालकीची होती? आमच्याकडे आता प्रीमियमवर (दर्शनी किमतीहून जास्त भावाने) शेअर काढायची चर्चा चालू आहे, त्याच्याशी याचा काही संबंध लागतो का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. संबंध लागतो, आणि चांगलाच लागतो. पण तो कुठे लागतो हे कळायला पहिला प्रश्न सोडवावा लागेल. मी स्वतः सनदी लेखापाल. तीसेक वर्षं नागरी बँकांची लेखापरीक्षणं केली, त्यामुळे या गोष्टीकडे मी ताळेबंदाच्या बाजूनेच बघणार, हे आधीच सांगून ठेवतो.

बांका पोपोलारे दी विचेंझा, म्हणजे शब्दशः विचेंझाची लोकबँक. स्थापना १८६६. हे साल नीट लक्षात घ्या. विचेंझा ज्या व्हेनेतो प्रांतात आहे तो तोवर ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता आणि त्याच वर्षी इटलीत आला. झेंडा बदलला त्याच वर्षी शहरातल्या मंडळींनी पहिलं काम केलं ते बँक काढण्याचं. विचेंझातली ही पहिली बँक आणि व्हेनेतोतली पहिली लोकबँक. कल्पना मात्र त्यांची नव्हती. जर्मनीत शुल्त्से-डेलिच यांनी कारागिरांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या पतसंस्था उभ्या केल्या होत्या. व्हेनिसचा एक तरुण अर्थतज्ज्ञ, लुइजी लुत्सात्ती, ती कल्पना इटलीत घेऊन आला आणि तिच्यात एक मोठा बदल केला. जर्मन नमुन्यात सभासदाची जबाबदारी अमर्यादित होती, संस्था बुडाली तर घरदार जाणार. लुत्सात्तींनी ती शेअरच्या रकमेपुरती मर्यादित केली. इटलीतली पहिली लोकबँक १८६४ मध्ये लोदी गावात निघाली, पुढच्या वर्षी मिलानमध्ये, त्याच्या पुढच्या वर्षी विचेंझात. हे लुत्सात्ती पुढे १९१० मध्ये इटलीचे पंतप्रधान झाले.

आपल्याशी असलेलं नातं इथेच आहे, आणि ते ओढूनताणून आणलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातल्या पतसंस्थांचा अभ्यास करायला सांगितलं. त्यांच्या जाडजूड अहवालात जर्मन संस्थांच्या बरोबरीने या इटालियन लोकबँकाही आहेत. १९०४ च्या आपल्या पहिल्या सहकारी पतसंस्था कायद्यामागे जो विचार झाला, त्यात हा अहवाल होता. म्हणजे तुमची बँक आणि विचेंझाची बँक दूरची का होईना, भावकीच.

पुढची शंभर वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण तिथे सांगण्यासारखं नाट्य फारसं नाही, आणि बँकेच्या बाबतीत ते चांगलंच लक्षण. १८७२ मध्ये बँकेने शहरातला पालात्सो तिएने घेतला. पाल्लादिओ या सोळाव्या शतकातल्या वास्तुकाराच्या कामासाठी जग विचेंझाला येतं, त्याच्या नावाशी जोडलेल्या वाड्यांपैकी हा एक. जिल्ह्यात सोन्याचे दागिने घडवणारे, आर्झिन्यानोला कातडी कमावणारे, स्कियो आणि वाल्दान्योला लोकर विणणारे. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे घराघरांतून कारखाने निघाले. मुलगा मशीनवर, सून हिशेबाला, आणि कर्जाला लोकबँक. शाखाधिकारी मालकाला नावाने ओळखायचा, त्याच्या बापालाही ओळखायचा. इचलकरंजी किंवा मालेगावच्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता मालकी.

इटालियन लोकबँकेचा कायदा कागदावर फार सुंदर होता. शेअर १ असो की १०,०००, मत एकच. कुणा एकाकडे भांडवलाच्या अर्धा टक्क्याहून जास्त शेअर असू नयेत, पुढे ही मर्यादा एक टक्का झाली. नवा सभासद घ्यायचा की नाही हे संचालक मंडळ ठरवणार. इथपर्यंत सगळं ओळखीचं. फरक पुढे आहे आणि या साऱ्या कहाणीची किल्ली त्यातच आहे. आपल्याकडे नागरी बँकेचा शेअर दर्शनी किमतीला मिळतो आणि सभासदत्व सोडताना दर्शनी किमतीलाच परत जातो. आजोबांनी १९७४ मध्ये शंभराचा घेतलेला शेअर आजही शंभराचाच. त्यामुळे श्रीमंत व्हायला कुणी नागरी बँकेचा शेअर घेत नाही. कर्ज हवं म्हणून घेतो, लाभांशासाठी घेतो, किंवा निवडणुकीत मत द्यायला घेतो (ते सध्या बाजूला ठेवू).

विचेंझाचा शेअर मात्र प्रीमियमवर विकला जायचा आणि त्याची किंमत दरवर्षी ठरायची. शेअर बाजारात त्याची नोंद नव्हती, म्हणून भाव बाजारात ठरत नव्हता. संचालक मंडळ एका तज्ज्ञाकडून मूल्यांकन करून घेई, आकडा सर्वसाधारण सभेपुढे ठेवी, सभा हात वर करी. २००८ नंतर बाजारात नोंद असलेल्या इटालियन बँकांचे शेअर कोसळत होते, कर्जं थकत होती, अर्थव्यवस्था आकसत होती. विचेंझाचा शेअर खाली आला नाही. २०११ मध्ये तो ६२.५० युरोवर पोचला आणि २०१५ च्या वसंतापर्यंत तिथेच राहिला. चार वर्षं एकाच आकड्यावर उभा असलेला भाव बघितला की माझ्यासारख्याचा हात आपोआप लाल पेनकडे जातो.

आता सभासदाच्या जागी बसून बघा. शेअर विकायचा तर बाजार नाही. शाखेत जायचं, अर्ज द्यायचा, आणि बँक एकतर दुसरा घेणारा शोधून देणार किंवा स्वतःच्या राखीव निधीतून परत विकत घेणार. वर्षानुवर्षं हे विनातक्रार चाललं. अर्ज दिला की पंधरा दिवसांत ६२.५० च्या भावाने पैसे खात्यात. म्हणून लोकांना तो शेअर वाटतच नव्हता, मुदत ठेव वाटत होती, तीही वाढणारी. निवृत्त शिक्षक, सोनार, द्राक्षबागायतदार, कारखान्यातला फोरमन, सगळ्यांनी आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवली. मुलगी अठराची झाली की तिच्या नावावर बँकेचे शेअर घ्यायचे, असा रिवाज झाला.

मालक कोण, याचं खरं उत्तर मला इथे दिसतं. रजिस्टरवर १ लाख १८ हजार नावं होती. पण शेअरचा भाव काय, तो परत घ्यायचा की नाही, आणि कुणाचा अर्ज आधी काढायचा, या तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर ठरत होत्या. त्या टेबलाच्या शीर्षस्थानी १९९६ पासून जान्नी झोनिन होते. गाम्बेल्लाराच्या मोठ्या वाइन उत्पादक घराण्यातले, १९८३ पासून संचालक मंडळात. ते अध्यक्ष झाल्यावर बँक मोठी होत गेली. सिसिलीत पालेर्मोला बांका नुओवा काढली, तोस्कानातल्या प्रातोची बचत बँक घेतली, औषध दुकानदारांसाठीची फार्बांका नावाची बँकही पोटात घेतली. एका जिल्ह्याची बँक देशभर पसरली, आणि मतदान तेच राहिलं: एक माणूस, एक मत. लाखभर विखुरलेली मतं आणि एक घट्ट बसलेलं टेबल. एवढ्या सभासदांत कुणीच मोठा नसल्यामुळे टेबलाला आव्हान देईल असाही कुणी नव्हता. मोठ्या भांडवलदाराने बँक बळकावू नये म्हणून केलेला नियम आतल्या मंडळींचं कवच झाला. नियम वाईट होता असं मी म्हणत नाही, पण त्याच्या जोडीला काही नसेल तर असं होतं.

वाढीला भांडवल लागतं. भांडवल म्हणजे नवे शेअर, आणि ६२.५० ला नवे शेअर घ्यायला मंदीत कोण येणार? इथून पुढे आली ती 'बाचाते'. इटालियन पत्रकारांनी, वकिलांनी, न्यायालयाने, सगळ्यांनी हाच शब्द वापरला: ओपेराझिओनी बाचाते, म्हणजे चुंबन घेतलेले व्यवहार. कवितेत लागोपाठच्या दोन ओळी यमकाने जुळल्या की इटालियनमध्ये त्या यमकालाही हेच विशेषण लावतात. इथे जुळणाऱ्या दोन ओळी म्हणजे कर्ज आणि शेअर.

उदाहरण मी माझ्या मनाने रचतो, रीत खरी आहे. आर्झिन्यानोच्या कातडी कारखानदाराला १० लाख युरोचं कर्ज हवं आहे. बँक म्हणते, १२ लाख घ्या, वरच्या २ लाखांचे आमचे शेअर घ्या. ६२.५० ने ३,२०० शेअर. व्याज स्वस्त लावू, आणि वेळ आली तर शेअर परत घेऊ. काही मोठ्या ग्राहकांना असं परत घेण्याचं आश्वासन चक्क पत्रावर दिलेलं होतं, आणि ती पत्रं पुढे सापडली. पुस्तकात नोंद काय पडते? कर्जखाते नावे २ लाख, भागभांडवल जमा २ लाख. बाहेरून एक युरोही आला नाही. बँकेचा डावा हात उजव्या हातात पैसे देतो, आणि भांडवल पर्याप्ततेच्या, म्हणजे कर्जांच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल किती याच्या, तक्त्यात २ लाखांचा 'स्वनिधी' उगवतो. आठ टक्क्यांच्या हिशेबाने त्या २ लाखांवर आणखी २५ लाखांची कर्जं वाटता येतात. युरोपीय नियम स्पष्ट आहेत की बँकेनेच पैसे दिलेलं भांडवल हे भांडवल नव्हे, ते वजा करा. वजा केलं नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही.

हे परदेशी डोक्यातून निघालेलं अघटित वगैरे समजू नका. साधारण वीस वर्षांपूर्वी एका मध्यम आकाराच्या नागरी बँकेचं ऑडिट करत होतो. नाव सांगणार नाही. मार्चअखेरीला भागभांडवल एकदम वाढलेलं. व्यवस्थापक हसून म्हणाले, "साहेब, सभासदांचा विश्वास आहे!" मी शेअर विभागाचं २९ आणि ३० मार्चचं व्हाऊचरचं बंडल मागवलं. अकरा व्हाऊचरं रोखीची नव्हती, चेकची नव्हती, ट्रान्सफरची होती, आणि प्रत्येकाच्या पाठीवर बारीक पेन्सिलने एक खाते क्रमांक लिहिलेला. ते क्रमांक कर्ज लेजरमध्ये शोधले. अकराही खाती नवी, वैयक्तिक कर्जाची, त्याच दिवशी उघडलेली. अर्जावर कारण 'घरदुरुस्ती'. नऊ अर्जांवर एकाच हस्ताक्षरात. रक्कम छोटी होती, मी शेरा मारला, आकडा वजा करायला लावला, आणि पुढच्या वर्षी ते ऑडिट माझ्याकडे आलं नाही. विचेंझाचं वाचताना मला ते पेन्सिलीचे आकडे आठवले. फरक फक्त प्रमाणाचा: तिथे युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या तपासणीत अशा व्यवहारांचा आकडा सुमारे ९७ कोटी युरो निघाला.

तो निघाला कसा, हे जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात बँकिंगच्या माणसाला शिकण्यासारखं आहे. २०१४ पासून युरोपात भांडवलाचे नवे नियम लागू झाले. स्वतःचे शेअर परत घ्यायचे तर आधी नियामकाची परवानगी. एवढ्या एका कलमाने विचेंझाची सगळी यंत्रणा ठप्प झाली. परत खरेदीचा नळ बंद झाला, आणि विक्रीचे अर्ज शाखांमध्ये साठू लागले. ज्या शेअरचे पंधरा दिवसांत पैसे मिळायचे, त्याला 'सध्या थांबा' असं उत्तर मिळू लागलं. म्हाताऱ्या सभासदांनी चकरा मारल्या, आणि काही मोठ्या मंडळींचे अर्ज मागून येऊन पुढे गेल्याच्या तक्रारीही याच काळातल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरो क्षेत्रातल्या सव्वाशेच्या आसपास मोठ्या बँकांची देखरेख राष्ट्रीय मध्यवर्ती बँकांकडून युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे गेली. त्यात विचेंझा होती. देखरेख बदलण्याआधीच्या ताण चाचणीतून (संकट आलं तर बँक टिकेल का, याच्या परीक्षेतून) ती कशीबशी पार झाली, तीही ऐनवेळी रोख्यांचं शेअरमध्ये रूपांतर करून. २०१५ च्या सुरुवातीला फ्रँकफर्टहून युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तपासनीस आले आणि त्यांनी कर्ज आणि शेअर हे दोन रजिस्टर शेजारी शेजारी ठेवले. बांका दितालियाची, म्हणजे इटलीच्या मध्यवर्ती बँकेची तपासणी २०१२ मध्ये झाली होती. तिचा भर कर्जांच्या दर्जावर होता. दोन्ही रजिस्टर तेव्हाही त्याच इमारतीत होती.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१४ च्या मे महिन्यात, म्हणजे सगळं उघड व्हायच्या वर्षभर आधी, याच बँकेने आरेझ्झोच्या बांका एत्रुरियाला विकत घ्यायचा प्रस्ताव दिला होता. किती भावाने? शेअरमागे १ युरो. बोलणी फिसकटली. शेजारच्या मोंतेबेल्लुनाच्या व्हेनेतो बांकालाही मध्यवर्ती बँकेने कुणातरी सक्षम बँकेत विलीन व्हायला सांगितलं, तेव्हा घ्यायला पुढे आलेली बँक विचेंझाचीच.

मग घसरण सुरू झाली, आणि ती आकड्यांतच वाचलेली बरी. एप्रिल २०१५, सभेने भाव ६२.५० वरून ४८ केला. लोक चिडले, पण अजून बुडालो असं वाटलं नाही. मे महिन्यात महासंचालक सामुएले सोरातो गेले, नोव्हेंबरमध्ये एकोणीस वर्षांनी झोनिन गेले. २०१५ चा तोटा १४० कोटी युरोचा. दरम्यान पंतप्रधान रेन्झी यांच्या सरकारने जानेवारी २०१५ मध्ये वटहुकूम काढला होता, की ८०० कोटी युरोहून जास्त मालमत्ता असलेल्या लोकबँकांनी दीड वर्षात भागधारक कंपनी व्हावं. एक सभासद एक मत संपलं. मार्च २०१६ मध्ये विचेंझाच्या सभेने ते मान्य केलं. ज्यांना नको त्यांना बाहेर पडायचा हक्क होता, भाव ६.३०. आणि भांडवल वाचवण्यासाठी तो पैसाही द्यायचा नाही, ही मुभा त्याच वटहुकुमात होती. म्हणजे दार दाखवलं आणि कुलूपही लावलं.

कंपनी झाल्यावर १५० कोटी युरोचे नवे शेअर बाजारात आणायचे होते. भाव ०.१० युरो. दहा सेंट. त्या भावानेही जवळजवळ कुणी आलं नाही, आणि पुरेसे भागधारकच नाहीत म्हणून मिलानच्या शेअर बाजाराने मे २०१६ मध्ये नोंदणी नाकारली. माझ्या उदाहरणातल्या कारखानदाराचं गणित आता करा: २ लाखांचे ३,२०० शेअर, किंमत ३२० युरो, आणि कर्ज पूर्ण २ लाख उभं. ज्या निवृत्त शिक्षकाने ३०,००० युरोचे ४८० शेअर घेतले असतील त्याच्या हातात ४८ युरो. त्याने तर कर्जही घेतलेलं नव्हतं.

या टप्प्यावर बँकेचा मालक बदलला. इटलीतल्या बँका, विमा कंपन्या आणि प्रतिष्ठानांनी घाईघाईने वर्गणी काढून अत्लांते नावाचा ४२५ कोटी युरोचा फंड उभा केला होता. अत्लांते म्हणजे खांद्यावर आभाळ पेलणारा ग्रीक पुराणातला ॲटलास. त्याने १५० कोटी घालून विचेंझाचे ९९.३३ टक्के शेअर घेतले, आणि लगेच शंभर कोटी घालून व्हेनेतो बांकाही घेतली. लाखाहून अधिक जुन्या सभासदांकडे मिळून एक टक्काही उरला नाही. पुढे त्याने आणखी पैसे घातले. आभाळ काही पेललं नाही.

२०१७ च्या सुरुवातीला नव्या व्यवस्थापनाने जुन्या सभासदांना एक तडजोड देऊ केली: शेअरमागे ९ युरो घ्या आणि कोर्टात जाऊ नका. सत्तर टक्क्यांच्या आसपास लोकांनी सही केली. मी त्यांना नावं ठेवणार नाही. ज्याच्या हातात दहा सेंट आहेत त्याला ९ युरो म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक.

शुक्रवार, २३ जून २०१७. युरोपीय मध्यवर्ती बँकेने दोन्ही बँका बुडीत जाहीर केल्या. त्यांना वाचवण्यात युरोपचं सार्वजनिक हित नाही असं युरोपीय यंत्रणेने ठरवलं, म्हणून प्रकरण इटलीच्या कायद्याकडे आलं. रविवारी २५ तारखेला मंत्रिमंडळाने वटहुकूम काढला. सोमवारी सकाळी शाखा उघडल्या तेव्हा त्या इंतेसा सानपाओलोच्या झाल्या होत्या. या मोठ्या बँकेने दोन्ही बँकांचा चांगला भाग, म्हणजे ठेवी, चालू कर्जं आणि शाखा, मिळून १ युरोला घेतला. म्हणजे तुम्ही वाचलेला तो १ युरो एका बँकेचा नव्हे, दोघींचा. वर सरकारने इंतेसाला ४७८.५ कोटी युरो रोख दिले आणि सुमारे १,२०० कोटींपर्यंतच्या हमी घेतल्या. वाईट कर्जं, जवळजवळ १,८०० कोटी युरोची, सरकारी वसुली कंपनीकडे गेली. ठेवीदाराचा एक सेंट गेला नाही. आपल्याकडे २०१९ मध्ये एका बहुराज्यीय नागरी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला १,००० रुपये काढायची मुभा होती, हे आठवलं की दोन पद्धतींतला फरक कळतो. तिथे मालकाने सोसलं आणि करदात्याने सोसलं, ठेवीदार वाचला.

फौजदारी खटला विचेंझाच्या न्यायालयात चालला. मार्च २०२१ मध्ये झोनिन यांना बाजारात हेराफेरी आणि नियामकांच्या कामात अडथळा अशा आरोपांखाली साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. २०२२ मध्ये व्हेनिसच्या अपील न्यायालयाने ती ३ वर्षं ११ महिन्यांवर आणली. पहिल्या न्यायालयाने ९६.३ कोटी युरोची जप्तीही सांगितली होती. सभासदांसाठी सरकारने २०१९ च्या अर्थसंकल्पात सुमारे १५७ कोटींचा भरपाई निधी ठेवला: शेअरच्या खरेदी किमतीच्या ३० टक्के, कमाल १ लाख युरो. त्या हिशेबाने शिक्षकाच्या ३०,००० चे फार तर ९,०००. पालात्सो तिएने शहराच्या महापालिकेने विकत घेतला.

आता तुमचा प्रस्ताव. २०२० मध्ये बँकिंग नियमन कायद्याच्या १२ व्या कलमात बदल झाला आणि रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीने सहकारी बँकांना प्रीमियमवर शेअर काढायची वाट मोकळी झाली. त्यात स्वतःहून वाईट काही नाही. नागरी बँकांना भांडवलाची अडचण खरीच आहे. पण दर्शनी किमतीच्या शेअरने आजवर आपल्याला एका आजारापासून वाचवलं, हे ध्यानात ठेवा. जो शेअर वाढत नाही, त्यासाठी कुणी कर्ज काढत नाही.

आणि आपण अगदी सोवळे आहोत अशातला भाग नाही. आपल्याकडचं 'शेअर लिंकिंग' काय आहे? तारणी कर्जावर अडीच टक्के, विनातारण कर्जावर पाच टक्के शेअर घ्यायचे, आणि बहुतेक ठिकाणी ती रक्कम कर्ज देतानाच कापली जाते. १० लाखांच्या तारणी कर्जातून २५,००० शेअर खात्याला. नोंद तीच: कर्ज नावे, भांडवल जमा. प्रमाण छोटं, नियमात बसणारं, सगळ्यांना माहीत असलेलं, म्हणून ते बाचाता नाही. तरी बाराशे कर्जदार असे जोडले की भांडवलातला किती भाग खरोखर बाहेरून आला, हा प्रश्न तुमच्याही ताळेबंदाला विचारता येतो. ठरावीक पर्याप्तता राखणाऱ्या बँकांना लिंकिंगची सक्ती रिझर्व्ह बँकेने काढली, त्यामागेही काही विचार असेलच. स्वतःच्या शेअरच्या तारणावर कर्ज द्यायला त्याच बँकिंग नियमन कायद्याच्या २० व्या कलमाने बंदी आहे, हे तुमचे वकील सांगतील. ते बरोबरच सांगतील. पण ती अकरा व्हाऊचरं आठवा. तिथे शेअर तारण नव्हताच, तारण होतं दोन जामीनदारांची सही, आणि कारण होतं घरदुरुस्ती.

त्यामुळे प्रीमियमचा ठराव सभेपुढे नेण्याआधी दोन गोष्टी कागदावर घ्या. एक, पुढच्या वर्षीचा भाव कोण ठरवणार, आणि ज्याला बाहेर पडायचंय त्याला त्या भावाने पैसे कोण देणार, बँक की दुसरा खरीददार? 'बँक' असं उत्तर आलं तर रिझर्व्ह बँकेचा नियम समोर ठेवा: पर्याप्तता ठरवून दिलेल्या पातळीच्या खाली गेली की शेअरचा परतावा बंद. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यांना बाहेर पडायचं असेल त्याच दिवशी दार बंद होईल. हे अर्जाच्या पहिल्या पानावर मराठीत, मोठ्या अक्षरांत छापा. दोन, तुमच्या संगणक विभागाला सांगा की गेल्या तीन वर्षांत ५० हजारांहून जास्त शेअर घेतलेल्या प्रत्येक सभासदाची यादी काढा आणि खरेदीच्या तारखेच्या आधीचे व नंतरचे तीस दिवस त्याच्या सगळ्या कर्जखात्यांत काय हललं ते शेजारच्या रकान्यात टाका. आता सगळं सॉफ्टवेअरवर आहे, अर्ध्या दिवसाचं काम. यादी आली की माझ्याकडे पाठवायची गरज नाही, तुम्हालाच दिसेल.